पाणी कुंभकोणमला पोहोचते, मासा मात्र डोंगरातच राहतो : नीलगिरीच्या रेनबो ट्राउटची ओळख, गळ आणि मर्यादा

कुंभकोणम (तामिळनाडू) : उत्तरेला कावेरी आणि दक्षिणेला अरसलार अशा दोन प्रवाहांच्या मध्ये वसलेल्या या नगराच्या मासळी बाजारात मरळ, रोहू आणि कटला हे मासे नेहमीचे आहेत. रेनबो ट्राउट हा थंड पाण्याचा परदेशी मासा मात्र येथील नदीत कधीच आढळत नाही. तरीही तो आणि हे नगर यांच्यात पाण्याचे नाते आहे. नीलगिरीच्या माथ्यावरील ज्या ओढ्यांत हा मासा शतकाहून अधिक काळ टिकून आहे, त्यांचे पाणी भवानी नदीतून कावेरीला मिळते आणि तीनशेहून अधिक किलोमीटरचा प्रवास करून याच घाटांवरून पुढे समुद्राकडे जाते.

पाणी येते, मासा येत नाही. असे का होते, हे समजून घेतले म्हणजे ट्राउट कसा ओळखावा, तो गळाला कसा लागतो आणि कुठे गळ टाकू नये, या प्रश्नांची उत्तरेही सापडतात. त्याचबरोबर डोंगरावरील थंड पाण्याचे भवितव्य आणि त्रिभुज प्रदेशातील शेतीचे भवितव्य कसे एकमेकांत गुंतलेले आहे, तेही ध्यानात येते.

मराठी वाचकाला हा प्रदेश परका नाही. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजीराजांनी तंजावरला राज्य स्थापन केले आणि १८५५ पर्यंत त्या घराण्याचे नाव या भूमीशी जोडलेले राहिले. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या संस्थानांचे दिवाण म्हणून ख्याती पावलेले सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ मध्ये कुंभकोणम येथीलच एका मराठी कुटुंबात झाला. नदीचे पाणी हाच या समृद्धीचा पाया होता आणि आजही आहे.

नाव आणि मूळ

रेनबो ट्राउट म्हणजे शब्दशः इंद्रधनुषी ट्राउट. पूर्ण वाढलेल्या माशाच्या कुशीवरून, कल्ल्यांच्या झाकणापासून शेपटीपर्यंत, गुलाबी ते तांबूस रंगाचा एक पट्टा जातो. त्यावरून हे नाव पडले. शास्त्रीय नाव ऑन्कोऱ्हिंकस मायकिस. रशियाच्या अतिपूर्वेकडील कामचाटका द्वीपकल्पातील नमुन्यांवरून १७९२ मध्ये त्याचे प्रथम वर्णन करण्यात आले. विसाव्या शतकात बराच काळ तो साल्मो गैर्डनेरी या नावाने ओळखला जाई. मात्र युरोपीय ट्राउटपेक्षा त्याचे नाते प्रशांत महासागरातील सामन माशांशी अधिक जवळचे असल्याचे स्पष्ट झाल्यावर १९८९ पासून आजचे नाव रूढ झाले. जुनी पुस्तके वाचताना हा बदल लक्षात ठेवावा लागतो.

मूळ वसतिस्थान उत्तर प्रशांत महासागराला मिळणाऱ्या नद्यांचे. आशियाच्या बाजूला कामचाटका आणि अमेरिकेच्या बाजूला अलास्कापासून मेक्सिकोच्या वायव्य भागापर्यंत तो नैसर्गिकरीत्या आढळतो. काही मासे आयुष्यभर गोड्या पाण्यात राहतात, तर काही समुद्रात जाऊन मोठे होतात आणि अंडी घालण्यासाठी पुन्हा नदीत येतात. समुद्रात जाऊन येणाऱ्यांना स्टीलहेड म्हणतात, परंतु दोन्ही एकाच जातीचे. भारतातील सर्व रेनबो ट्राउट गोड्या पाण्यातीलच आहेत.

हा मासा किती मोठा होऊ शकतो, याचे उत्तर पाण्यावर आणि अन्नावर अवलंबून आहे. २००९ मध्ये कॅनडातील एका सरोवरात ४८ पौंड, म्हणजे जवळपास २२ किलो वजनाचा रेनबो ट्राउट गळाने पकडला गेला होता. नीलगिरीच्या अरुंद ओढ्यांत अशी अपेक्षा व्यर्थ आहे. तेथे हातभर लांबीचा मासाही मोठा मानावा. संवर्धन केंद्रात कोरडे खाद्य देऊन वाढवलेला मासा साधारणपणे वर्ष-सव्वा वर्षात पाव किलोच्या आसपास भरतो.

ओळखण्याच्या खुणा

गुलाबी पट्टा ही प्रसिद्ध खूण असली तरी ती सर्वांत विश्वसनीय नाही. लहान वयात, मोठ्या जलाशयात राहणाऱ्या रुपेरी माशांत आणि मृत्यूनंतर काही तासांनी हा पट्टा फिका पडतो किंवा दिसेनासाही होतो. म्हणून एकाच खुणेवर विसंबून न राहता पुढील गोष्टी क्रमाने पाहाव्यात.

पहिली खूण मेदपर. पाठीवरचा मुख्य पर आणि शेपूट यांच्या मधोमध एक छोटा, मांसल, काट्यांचा आधार नसलेला पर असतो. रोहू, कटला, महाशीर यांना तो नसतो. परंतु केवळ मेदपर दिसला म्हणजे ट्राउट, असेही नाही. आपल्याकडील शिंगटीसारख्या अनेक मिशाळ माशांनाही मेदपर असतो. त्यांच्या अंगावर खवले नसतात आणि तोंडाभोवती लांब मिशा असतात. ट्राउटला मिशा नसतात आणि अंगावर अतिशय बारीक खवले असतात. मेदपर आहे, बारीक खवले आहेत आणि मिशा नाहीत, अशा तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की मासा ट्राउटच्या कुळातील असण्याची शक्यता बळावते.

दुसरी खूण शेपटीची. रेनबो ट्राउटच्या शेपटीवर काळ्या ठिपक्यांच्या ओळी असतात आणि त्या पंख्याच्या काड्यांप्रमाणे बाहेर पसरलेल्या दिसतात. त्याचा चुलतभाऊ तपकिरी ट्राउट हा काश्मीर व हिमाचल प्रदेशात आढळतो. त्याच्या शेपटीवर ठिपके अत्यल्प असतात किंवा नसतातच. तपकिरी ट्राउटच्या अंगावर काळ्यांबरोबर तांबडे ठिपकेही असतात आणि त्यांच्याभोवती फिकट कडे असते. रेनबो ट्राउटला असे तांबडे ठिपके नसतात.

तिसरी खूण ठिपक्यांच्या रंगसंगतीची. रेनबो आणि तपकिरी या दोन्ही ट्राउटमध्ये फिकट अंगावर गडद ठिपके असतात. ब्रुक ट्राउट या तिसऱ्या माशात नेमके उलटे दिसते. गडद अंगावर फिकट ठिपके, पाठीवर वळवळत्या किड्यांसारख्या रेषा आणि खालच्या परांना ठळक पांढरी किनार.

चौथी बाब पिल्लांची. रेनबो ट्राउटच्या पिल्लांच्या कुशीवर बोटांचे ठसे उमटावेत तसे गडद, लंबगोल डाग ओळीने असतात. वय वाढते तसे ते पुसट होत जातात.

कुठे फसगत होते

ट्राउट हे नाव भारतात बऱ्याच सैलपणे वापरले गेले. हिमालयातील असला माशाला इंग्रजी अमदानीत स्नो ट्राउट म्हणू लागले, तर उत्तर भारतातील नद्यांत आढळणाऱ्या बोला माशाला इंडियन ट्राउट हे नाव मिळाले. हे दोन्ही मासे रोहूच्या विस्तारित कुळातील आहेत. त्यांना मेदपर नसतो. असल्याचे तोंड खालच्या बाजूला वळलेले असते, कारण तो दगडांवरील शेवाळ खरवडून खातो. ट्राउटचे तोंड पुढच्या बाजूला असते आणि जबड्यात तीक्ष्ण दात असतात.

दक्षिणेत होणारी फसगत अधिक नाजूक आहे. पश्चिम घाटातील ओढ्यांत बॅरिलियस गटातील बोटभर ते वीतभर लांबीचे स्थानिक मासे राहतात. त्यांच्या चकचकीत अंगावर निळसर उभे पट्टे असतात. नवख्या माणसाला ते ट्राउटच्या पिल्लांसारखे वाटू शकतात. मेदपराचा अभाव ही येथे निर्णायक खूण होय. असा मासा गळाला लागल्यास तो येथील मूळ रहिवासी आहे हे ओळखून त्याला त्वरित पाण्यात सोडावे.

बाजारात ट्राउटच्या मांसाचा गुलाबी रंग पाहून खात्री करून घेण्याची पद्धत आहे, तीही फसवी आहे. मांसाचा रंग माशाच्या अन्नावर ठरतो. निसर्गात कवचधारी लहान जीव खाल्ल्याने आणि संवर्धन केंद्रात खाद्यात मिसळलेल्या रंगद्रव्याने मांस गुलाबी होते. असे खाद्य न मिळालेल्या अस्सल ट्राउटचे मांस पांढरेही असू शकते. म्हणून कापलेल्या तुकड्यांपेक्षा अखंड मासा पाहून, शेपटीचे ठिपके आणि मेदपर तपासून खरेदी करणे श्रेयस्कर.

नीलगिरीत तो आला कसा

कोइम्बतूरचे जिल्हाधिकारी जॉन सलिव्हन १८१९ मध्ये नीलगिरीच्या पठारावर पोहोचले आणि पुढील काही वर्षांत उदगमंडलम ही इंग्रजांची थंड हवेची वसाहत बनली. तेथील ओढे थंड आणि स्वच्छ होते, परंतु इंग्रजांना स्वदेशी गळाने पकडण्याची सवय होती तो मासा त्यांत नव्हता. पुढे ‘फिशेस ऑफ इंडिया’ हा महाग्रंथ लिहिणारे लष्करी वैद्य फ्रान्सिस डे यांनी १८६० च्या दशकात ट्राउट आणण्याचा प्रयत्न केला. तो फसला.

अडचण माशाची नव्हती, अंड्यांच्या प्रवासाची होती. उष्ण कटिबंधातून अनेक आठवडे चालणाऱ्या जहाजात अंडी थंड ठेवणे अवघड होते. १८६४ मध्ये बर्फात ठेवलेली ट्राउटची अंडी इंग्लंडहून टास्मानियापर्यंत जिवंत पोहोचली आणि हे शक्य आहे, हे जगाला दिसले. अंड्यातील पिल्लाचे डोळे बाहेरून काळ्या ठिपक्यांसारखे दिसू लागले की अंडे बरेच कणखर होते. या अवस्थेत ओलसर व थंड ठेवल्यास ते प्रवास सोसते. आजही ट्राउटचे बीज दूरदेशी पाठवायचे तर याच अवस्थेची वाट पाहिली जाते.

भारतात पहिले यश उत्तरेत मिळाले. काश्मीरमधील गालिचा कारखान्याचे मालक एफ. जे. मिचेल यांच्या पुढाकाराने १९०० मध्ये तपकिरी ट्राउट तेथे रुजला आणि श्रीनगरजवळच्या हारवनला संवर्धन केंद्र उभे राहिले. रेनबो ट्राउट १९१२ मध्ये तेथे पोहोचला. नीलगिरीत मद्रास सरकारचे मत्स्यसंवर्धन तज्ज्ञ एच. सी. विल्सन यांनी १९०७ च्या सुमारास ॲव्हलांच येथे अंडी उबवण्याचे केंद्र सुरू केले. पुढील काही वर्षांत सिलोन व न्यूझीलंडसह बाहेरून आणलेल्या बीजातून रेनबो ट्राउट येथील ओढ्यांत स्थिरावला. ॲव्हलांच हे समुद्रसपाटीपासून सुमारे दोन हजार मीटर उंचीवर आहे. एकोणिसाव्या शतकात येथे प्रचंड दरड कोसळली आणि त्यावरून गावाला हे नाव मिळाले. केरळमधील मुन्नारच्या उंच भागातही चहामळ्यांच्या मंडळींनी हा मासा आणला.

सुमारे अकरा अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे विषुववृत्ताच्या इतक्या जवळ, रेनबो ट्राउटने स्वतःहून पैदास करीत टिकून राहावे ही साधी गोष्ट नव्हे. हे केवळ उंचीमुळे शक्य झाले. डोंगराची उंची कमी असती तर हा इतिहास घडलाच नसता.

मैदानात का उतरत नाही

रेनबो ट्राउटच्या वाढीला साधारण १० ते १८ अंश सेल्सिअस तापमानाचे पाणी मानवते. वीस अंशांच्या वर त्याचे खाणे मंदावते, ताण वाढतो. पंचवीस अंशांच्या आसपास पाणी फार काळ राहिले तर तो सहसा वाचत नाही. कुंभकोणमची उंची समुद्रसपाटीपासून जेमतेम पंचवीस मीटरच्या आसपास असून येथे उन्हाळ्यात नदीचे उथळ पाणी तीस अंशांपर्यंत सहज तापते.

याचे कारण केवळ प्राणवायूची कमतरता असे अनेकदा सांगितले जाते, ते अर्धेच खरे आहे. समुद्रसपाटीला १० अंश तापमानाच्या एक लिटर पाण्यात सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, तर ३० अंशांना सुमारे साडेसात मिलिग्रॅम. परंतु डोंगरावर हवाच विरळ असल्याने तेथील पाण्यातही प्राणवायू काहीसा कमी असतो. खरा पेच दुहेरी आहे. मासा थंड रक्ताचा असल्याने पाणी तापले की त्याच्या शरीरातील क्रियांचा वेग वाढतो आणि प्राणवायूची गरज वाढते. नेमक्या त्याच वेळी पाण्यातील साठा घटतो. गरज वाढती आणि पुरवठा घटता, या कात्रीत मासा सापडतो. डोंगरी ओढ्यात दगडांवर आपटणारे पाणी हवेतील प्राणवायू सतत ओढून घेते. मैदानातील संथ प्रवाहात ती सोय नसते.

प्रवासातील टप्पे पाहिले तर हा बदल स्पष्ट होतो. ॲव्हलांच आणि एमराल्डच्या परिसरातील पाणी कुंदा नदीतून भवानीत जाते. मुकुर्ती व पायकाराचे पाणी मोयारमार्गे भवानीसागर जलाशयात येते. भवानी गावाजवळ ही नदी मेट्टूर धरणाच्या खालच्या अंगाला कावेरीला मिळते. तेथून इरोड, करूर असा प्रवास करीत ती तिरुचिरापल्लीच्या अलीकडे मुक्कोंबूला पोहोचते, जेथे कोल्लिडम वेगळी होते. नंतर कल्लणै या प्राचीन बंधाऱ्यापाशी पाणी पुन्हा वाटले जाते आणि एक धारा कुंभकोणमकडे येते. ट्राउटच्या दृष्टीने ही नदी पायथ्याशीच संपलेली असते.

गळ टाकण्याची रीत

गळाने मासे पकडणे ही कला इंग्रजांबरोबर आली असा समज आहे. तो बरोबर नाही. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या नावे असलेल्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील संस्कृत ग्रंथात राजाच्या करमणुकींमध्ये मत्स्यविनोदाचे स्वतंत्र प्रकरण आहे. माशांचे प्रकार, त्यांना घालायचे खाद्य, दोरी आणि गळ यांचे वर्णन त्यात येते. इंग्रजांनी आणली ती कृत्रिम माशीने ट्राउट पकडण्याची विशिष्ट रीत.

या रीतीचे मर्म माशाच्या आहारात आहे. ओढ्यातील ट्राउट मुख्यतः पाण्यातील किडे, त्यांच्या अळ्या आणि पृष्ठभागावर पडणारे कीटक खातो. म्हणून पिसे, केस आणि दोरा यांपासून बारीक गळावर कीटकाची प्रतिकृती बांधतात. ती इतकी हलकी असते की तिला फेकण्यासाठी वजन दोरीतच असावे लागते. साधारण आठ ते नऊ फुटांची लवचीक काठी, वजनदार दोरी आणि तिच्या टोकाला निमुळता होत जाणारा पारदर्शक धागा, असा हा सरंजाम असतो. पृष्ठभागावर तरंगणारी कोरडी माशी आणि पाण्याखाली वाहणारी बुडती माशी किंवा अळी, असे दोन मुख्य प्रकार आहेत. मोठ्या जलाशयात काही जण चमकणारे, फिरते धातूचे आमिषही वापरतात.

ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून, एखाद्या दगडाच्या आडोशाने स्थिर राहतो. वरून येणारे अन्न त्याच्यापर्यंत आपोआप वाहत येते. त्यामुळे जाणकार खालच्या बाजूने, माशाच्या मागून जातात आणि माशी त्याच्या वरच्या अंगाला टाकतात. पाण्याखालून माशाला बाहेरचे जग सुमारे ९७ अंशांच्या एका शंकूतून दिसते. ओणवे राहून, मळक्या रंगाचे कपडे घालून, पाण्यावर सावली न पाडता हालचाल केल्यास त्या शंकूत आपण सहसा येत नाही. माशी प्रवाहाच्या वेगानेच वाहिली पाहिजे. दोरी ओढली जाऊन ती पाण्यावर घसरत गेली, तर मासा संशय घेतो.

मासा लागल्यावर घाई करू नये आणि अतिरेकी विलंबही करू नये. दीर्घ झुंजीने मासा थकून नंतर मरू शकतो. सोडून द्यायचा असल्यास गळाची उलटी अणी आधीच चिमट्याने दाबून टाकावी. हात ओले केल्याशिवाय माशाला स्पर्श करू नये, कारण कोरड्या हाताने त्याच्या अंगावरील संरक्षक बुळबुळीत थर निघतो आणि रोगाला वाट मिळते. कल्ल्यांत बोटे घालू नयेत. छायाचित्रासाठी मासा काही क्षणांपेक्षा अधिक काळ पाण्याबाहेर ठेवू नये. पाण्याचे तापमान वीस अंशांच्या जवळ पोहोचले असेल, तर गळ गुंडाळून ठेवणे हेच योग्य.

परवाना आणि कायदा

नीलगिरीतील शिकार व मासे यांच्या रक्षणासाठी १८७९ मध्येच स्वतंत्र कायदा झाला होता. भारतीय मत्स्य अधिनियम, १८९७ ने स्फोटके लावून किंवा पाण्यात विष कालवून मासे मारण्यावर बंदी घातली. अभयारण्ये आणि राष्ट्रीय उद्याने यांच्या हद्दीत वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ लागू होतो. नीलगिरीतील ट्राउटचे काही उत्तम ओढे मुकुर्ती राष्ट्रीय उद्यानात आहेत. नीलगिरी ताहर या दुर्मिळ प्राण्यासाठी राखलेल्या त्या क्षेत्रात गळ घेऊन जाण्याचा विचारही करू नये.

उद्यानाबाहेरील जलाशय व ओढ्यांसाठीही मत्स्यविभागाची पूर्वपरवानगी आणि वनक्षेत्र असल्यास वनविभागाची अनुमती आवश्यक ठरते. नियम वेळोवेळी बदलतात. त्यामुळे प्रवासापूर्वी उदगमंडलम येथील संबंधित कार्यालयांत चौकशी करावी. परवाना पाण्यापुरता आणि हंगामापुरता असतो. हिमाचल प्रदेशात अंडी घालण्याच्या काळात, १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत, ट्राउटच्या मासेमारीवर बंदी असते. नीलगिरीतही हा मासा थंडीच्या काळातच अंडी घालतो. मादी प्रवाहातील स्वच्छ खडीत शेपटीने खळगा करून त्यात अंडी घालते व वरून खडी लोटते. दहा अंश तापमानात साधारण महिनाभराने पिल्ले बाहेर पडतात. अशा खडीतून चालत गेल्यास एका पावलाखाली अनेक अंडी चिरडली जातात.

परक्या माशाचा प्रश्न

ट्राउटच्या कौतुकाबरोबर एक अवघड प्रश्न विचारावा लागतो. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या तज्ज्ञांनी तयार केलेल्या जगातील १०० सर्वाधिक उपद्रवी परक्या जातींच्या यादीत रेनबो आणि तपकिरी, हे दोन्ही ट्राउट आहेत. दोघेही मांसाहारी असून लहान मासे, बेडकांची पिल्ले आणि जलकीटक खातात. ज्या ओढ्यात असा शिकारी पूर्वी नव्हता तेथे स्थानिक जीवांना त्याच्यापासून बचावाची सवय नसते. म्हणून हौसेपोटी ट्राउटची पिल्ले नव्या ओढ्यात सोडणे हा उपकार नव्हे, अपाय आहे.

हा धोका किती खरा आहे, हे कावेरीनेच दाखवून दिले आहे आणि त्या कथेत महाराष्ट्राचाही संबंध येतो. कावेरी खोऱ्यात कुबड असलेला, नारिंगी परांचा एक महाशीर राहतो. जगात अन्यत्र तो कुठेही नाही. १९४६ मध्ये काबिनी नदीत १२० पौंडांचा महाशीर गळाला लागला होता आणि त्या विक्रमाने या खोऱ्याचे नाव जगभर गेले. पुढे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लोणावळ्याच्या बीजकेंद्रात वाढवलेली निळसर परांच्या महाशीराची पिल्ले कावेरीत सोडण्यात आली. हेतू संवर्धनाचाच होता. दोन्ही मासे महाशीरच, मग फरक काय पडतो, अशी समजूत होती. कालांतराने नदीत निळसर परांचा महाशीर वाढत गेला आणि मूळचा कुबडा महाशीर दिसेनासा झाला. गळाने मासे पकडणाऱ्यांनी ठेवलेल्या नोंदींच्या अभ्यासातून हा बदल समोर आला.

विशेष म्हणजे जगप्रसिद्ध असूनही या माशाची शास्त्रीय ओळख २०१८ पर्यंत निश्चित नव्हती. त्या वर्षी संशोधकांनी तो टॉर रेमादेवी ही जात असल्याचे दाखवले आणि लगोलग त्याची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली. मोयार हे त्याच्या उरलेल्या मोजक्या आश्रयस्थानांपैकी एक आहे. माशाची अचूक ओळख ही केवळ हौशी माणसाची चैन नव्हे, हे यावरून स्पष्ट व्हावे. ओळख चुकली की संवर्धनही चुकते.

याउलट रायगड जिल्ह्यातील महाडनजीकच्या वाळणकोंडीत देवाचे मासे म्हणून महाशीर पिढ्यान्‌पिढ्या राखले गेले. तेथे कोणी बाहेरून बीज आणले नाही. गावाने फक्त डोह राखला आणि मासे राहिले.

डोंगराचे पाणी, त्रिभुजाची शेती

नीलगिरीतील ट्राउट आता तेथून पूर्णपणे काढून टाकणे व्यवहार्य दिसत नाही. तो जेथे आहे तेथेच ठेवावा, नव्या ओढ्यांत नेऊ नये, आणि अन्नासाठी लागणारा मासा नदीपासून वेगळ्या ठेवलेल्या संवर्धन केंद्रांत वाढवावा, हा मध्यममार्ग होय. परंतु त्याचे अस्तित्व आणखी एका कारणासाठी लक्ष देण्यासारखे आहे. तो पाण्याचा जिवंत तापमापक आहे. ओढा उथळ झाला, तापला किंवा गढूळ झाला तर इतर अनेक जीवांच्या आधी तो नाहीसा होतो.

नीलगिरीच्या माथ्यावर शोला ही ठेंगणी सदाहरित वने आणि त्यांच्यामधली गवताळ कुरणे पावसाचे पाणी मुरवून ते वर्षभर सावकाश सोडतात. गेल्या दीड शतकात यांपैकी बरीच कुरणे निलगिरी वृक्ष, वॅटल आणि चहा यांच्या लागवडीखाली गेली. ग्लेनमॉर्गन येथे शेजारशेजारच्या दोन पाणलोटांची तुलना करून झालेल्या दीर्घ अभ्यासात, कुरणाच्या जागी निलगिरी वृक्ष लावल्यानंतर पहिल्या दहा वर्षांच्या आवर्तनात पाण्याचे एकूण उत्पन्न सुमारे १६ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. १९३० च्या दशकातील पायकारा आणि नंतरच्या कुंदा जलविद्युत प्रकल्पांनी ओढ्यांचे रूपही पालटले. त्यात पावसाचा लहरीपणा वाढला आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये ॲव्हलांच येथे एका दिवसात ८० सेंटिमीटरहून अधिक पाऊस झाला. असा पाऊस मुरत नाही, खडीतील अंड्यांसह सारे वाहून नेतो.

डोंगरावर हिवाळा-उन्हाळ्यात पाझरणारे पाणी घटले तर पहिला फटका ट्राउटला बसेल, पण तो शेवटचा नसेल. भवानीसागरखालील कालवे, इरोडची शेती आणि सरतेशेवटी तंजावर-कुंभकोणमची भातखाचरे याच साखळीत आहेत. कुंभकोणमच्या शेतकऱ्याने ट्राउट कधी पाहिलेला नसेल. तरीही ज्या कुरणांमुळे तो मासा जगतो, त्याच कुरणांमुळे त्याच्या शेतातील पाण्याचा एक वाटा टिकून आहे.

म्हणून नीलगिरीला जाणाऱ्या हौशी मासेमाराने गळाबरोबर एक छोटा तापमापकही न्यावा. परवाना घ्यावा, मेदपर आणि शेपटीचे ठिपके पाहून मासा ओळखावा, स्थानिक मासा लागल्यास सोडून द्यावा, कोणतेही पिल्लू एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात नेऊ नये आणि पाणी तापलेले असेल तर काठावर बसून नुसता ओढा पाहावा.